धावताना गार, सिग्नलला गरम

वाचकाचं पत्र, थोडक्यात:
"सात वर्षांची पेट्रोल गाडी आहे. हायवेला एसी इतका गार होतो की ब्लोअर एकवर आणावा लागतो. पण सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये पाच मिनिटं थांबलं की कोमट हवा यायला लागते. गाडी निघाली की पुन्हा गार. सकाळी त्रास कमी, दुपारी जास्त. चौदा महिन्यांत दोनदा गॅस भरला. पहिल्यांदा थोडा फरक पडला, दुसऱ्यांदा उलट जास्तच बिघडलं. आता मेकॅनिक म्हणतात कंप्रेसर गेलाय. इंजिनचा काटा मात्र नेहमी मध्येच असतो. मागच्या वर्षी पुढून गाडी ठोकली गेली होती, बंपर बदलला, पण त्याचा याच्याशी संबंध नसावा. आईला रक्तदाबाचा त्रास आहे. तिला दर आठवड्याला दवाखान्यात न्यावं लागतं आणि मागच्या सीटवर ती घामाने निथळते. कंप्रेसर बदलून टाकू का?"

ताई,

कंप्रेसरला आत्ता हात लावू देऊ नका. तो खराब नाहीच, असं मी इथे बसून सांगू शकत नाही. पण तुमच्या पत्रात त्याच्याविरुद्ध पुरावा नाही, आणि दुसऱ्या एका गोष्टीविरुद्ध बराच आहे. "संबंध नसावा" असं तुम्ही ज्या बंपरबद्दल लिहिलंय, तिथेच मी थांबलो.

एसी थंडी तयार करत नाही. तो गाडीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. उचलण्याचं काम डॅशबोर्डच्या आतली कूलिंग कॉइल करते. टाकण्याचं काम रेडिएटरच्या पुढे बसवलेला कंडेन्सर करतो, पुढच्या जाळीतून वाकून पाहिलं तर दिसतो तो. या दोघांमधून गॅस दाबून फिरवत ठेवतो तो कंप्रेसर. कंडेन्सरवरून हवा वाहिली तरच ही उष्णता जाते. गाडी साठच्या वेगाने पळत असेल तर समोरचा वाराच ते काम करून टाकतो. गाडी थांबली की वारा थांबतो, मग सगळी भिस्त रेडिएटरच्या पंख्यावर. म्हणूनच हायवेला मेलेला पंखासुद्धा कुणाच्या लक्षात येत नाही आणि सिग्नलला तो लगेच उघडा पडतो. सकाळी हवा गार असते, तेव्हा अर्धामुर्धा पंखाही वेळ मारून नेतो. दुपारी नेऊ शकत नाही.

आता तुमच्या मेकॅनिकची बाजूही सांगतो, कारण ते अगदीच वावगं बोलत नाहीत. कंप्रेसर बेल्टवर फिरतो, म्हणजे इंजिनाच्या वेगाला बांधलेला असतो. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला ७०० ते ९०० फेरे घेतं, रस्त्यावर २००० च्या वर. आतून झिजलेला कंप्रेसर कमी फेऱ्यांना दाब तयार करू शकत नाही, जास्त फेऱ्यांना कसाबसा करतो. त्यामुळे लक्षण हुबेहूब हेच दिसतं: धावताना गार, थांबल्यावर गरम. गॅस कमी असेल तरीही असंच दिसतं. म्हणजे एका लक्षणाचे तीन धनी आहेत. ते वेगळे कसे करायचे, हाच खरा प्रश्न आहे, आणि त्यासाठी पहिली परीक्षा तुम्ही स्वतः, फुकटात करू शकता.

एक साधा थर्मामीटर घ्या, घड्याळासारख्या काट्याचा किंवा डिजिटल, कुठलाही चालेल. दुपारच्या उन्हात, उघड्या जागी गाडी उभी करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून हे करू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. हँडब्रेक लावा, गाडी न्यूट्रलला किंवा पार्किंगला, एसी पूर्ण थंडवर, ब्लोअर मधल्या वेगावर, हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण चालू, खिडक्या बंद. थर्मामीटर मधल्या झोतात अडकवा. गाडी तशीच उभी ठेवून दहा मिनिटांनी आकडा लिहून घ्या. मग गाडी जागेवरच ठेवून हलकी रेस द्या, १५०० ते २००० फेऱ्यांपर्यंत, आणि दोन-तीन मिनिटं तशीच धरून ठेवा. पुन्हा आकडा पाहा.

रेस दिल्यावर झोत पटकन गार झाला, तर संशय कंप्रेसरवर, बेल्टवर किंवा कमी गॅसवर जातो. कारण इंजिनाचे फेरे वाढले, कंप्रेसर जोरात फिरला, पण कंडेन्सरवरची हवा तेवढीच राहिली. उलट रेस देऊनही झोत कोमटच राहिला, किंवा आणखी गरम झाला, आणि गाडी रस्त्यावर पळायला लागली तेव्हाच गार झाला, तर कंप्रेसर आपलं काम करतोय. त्याने आणलेली उष्णता पुढे निघून जात नाहीये. एक अट आहे: ही परीक्षा विजेच्या पंख्याच्या गाडीवरच खरी उतरते. काही गाड्यांत, विशेषतः मोठ्या आणि जुन्या, पंखा इंजिनावरच बसवलेला असतो. तिथे रेसबरोबर पंखाही वाढतो आणि निकाल गढूळ होतो. तुमची सात वर्षांची पेट्रोल कार आहे, पंखा बहुधा विजेचाच असेल.

हे करण्याआधी एक मिनिट देऊन आणखी एक गोष्ट तपासा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद पडण्याची सोय तुमच्या गाडीत आहे का? इंजिन बंद म्हणजे कंप्रेसर बंद, नुसता ब्लोअर चालू. काही गाड्यांत इको मोडमध्येही एसीला हात राखून चालवलं जातं. दोन्ही बंद करून एकदा पाहा. लोक या एका बटणापायी महिनोन्महिने हैराण झालेले मी पाहिलेत.

आता पंखा. एसी लावा आणि बॉनेट उघडून पाहा. हात, ओढणी, केस लांब ठेवा, हा पंखा न सांगता सुरू होतो. बऱ्याच गाड्यांत एसी लावताच तो फिरतो, काहींत पाइपातला दाब वाढल्यावर, म्हणून दोन-चार मिनिटं थांबा. दोन पंखे असतील तर दोन्ही पाहा. तुम्ही लिहिलंय की इंजिनचा काटा मध्येच असतो, आणि तेवढ्यावरून पंखा ठीक आहे असं धरून चाललं जातं. तिथेच फसगत होते. अनेक गाड्यांत पंख्याला दोन वेग असतात. एसीसाठी तो हळू फिरतो, इंजिन तापलं तर जोरात. हळू वेगासाठी एक रेझिस्टर, म्हणजे वीज कमी करून देणारा भाग, लावलेला असतो. तो जळला की हळू वेग बंद पडतो आणि जोराचा वेग शाबूत राहतो. इंजिन तापायला लागलं की पंखा जोरात येऊन त्याला वाचवतो, काटा मध्येच राहतो, आणि एसी बिचारा तोपर्यंत हवेविना गुदमरत असतो. रेझिस्टर, रिले, फ्यूज, मोटरचे झिजलेले ब्रश, यातलं काहीही कंप्रेसरपेक्षा खूपच छोटं काम आहे.

पंखा फिरताना दिसला तरी समाधान मानू नका. एक साधा कागद घ्या, वहीचं पान चालेल. गाडी उभी, एसी चालू, पंखा फिरतोय. कागद पुढच्या जाळीजवळ न्या आणि सोडा. कागद जाळीला चिकटून बसला पाहिजे, अगदी ओढला गेल्यासारखा. नुसता लोंबकळला तर पंखा कमजोर आहे. आणि तुमच्याकडे उडाला तर पंखा उलटा फिरतोय.

उलटा फिरणारा पंखा मी स्वतः पाहिलाय, आणि तुमचं पत्र वाचताना मला तीच गाडी आठवली. तीही पुढून ठोकली गेली होती, तिचाही पुढचा भाग नव्याने बसवलेला. धावताना गार, थांबली की गरम. मी तीन वेळा गॅसचा दाब मोजायचे गेज लावले. पंखा बघितला, जोरात फिरत होता, म्हणून त्याला निर्दोष ठरवून पुढे गेलो. चौथ्या दिवशी जाळीसमोर उकिडवा बसून कंडेन्सर पाहत होतो, हातात कसलीशी पावती होती. ती जाळीजवळ गेली आणि थरथरून माझ्या मनगटावर येऊन आपटली, मागोमाग तोंडावर गरम वाफारा. पंखा नवीन बसवताना कुणीतरी मोटरच्या दोन तारा अदलाबदल करून जोडल्या होत्या. साधी डीसी मोटर, तारा उलट्या की फिरणंही उलटं. रेडिएटरची सगळी धग तो पंखा कंडेन्सरवर फुंकत होता. हायवेला समोरचा वारा त्याच्यावर मात करायचा, म्हणून तिथे एसी चालायचा. दोन तारा बदलल्या आणि दहा मिनिटांत झोत गार झाला. त्या माणसाने तोवर जो मनस्ताप आणि खर्च सोसला होता, त्यात माझ्या तीन दिवसांचाही वाटा होता. तेव्हापासून गेजच्या आधी कागद, हा माझा नियम आहे.

बंपरच्या कामात आणखी दोन गोष्टी राहून जातात. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या कडेने फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या असतात, आणि जाळीपासून कंडेन्सरपर्यंत हवा आणणारे प्लास्टिकचे पत्रे. दिसायला फालतू वाटतात, ठोकलेल्या गाडीत तुटतात आणि पुन्हा कुणी लावत नाही. पण त्या नसल्या की उभ्या गाडीत पंखा बाहेरची ताजी हवा ओढायच्या ऐवजी बॉनेटखालची तापलेली हवाच कडेच्या फटीतून पुन्हा पुढे ओढून घेतो. तीच हवा गोल गोल फिरते आणि दर फेरीला जास्त तापते. तुम्ही लिहिलंय की थांबल्यावर लगेच नाही, पाच मिनिटांनी कोमट होतं. हे वर्णन या कारणाशी फार जुळतं. दुसरी गोष्ट, धडकेत कंडेन्सरच्या बारीक पात्या चेपल्या असतील तर तेवढ्या भागातून हवा जातच नाही. आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत साचलेली धूळ, पानं, किडे तर पुढून दिसतही नाहीत. टॉर्च घेऊन वरून बघावं लागतं. धुताना पाण्याचा झोत हलका ठेवा. प्रेशरच्या पाण्याने पात्या आडव्या पडतात आणि आजार वाढतो.

संशय पक्का करायचा असेल तर शेवटची घरगुती परीक्षा पाण्याची. गाडी उभी, एसी चालू, थर्मामीटर झोतात. फवाऱ्याच्या बाटलीने पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर पाणी शिंपडत राहा, दोन-तीन मिनिटं. वायरिंगवर मारू नका. पाण्याने कंडेन्सर गार झाला आणि आतला झोतही सरसर उतरला, तर उष्णता पुढे अडकतेय हे नक्की. कारण पंखा असो, घाण असो, पट्ट्या असोत किंवा जास्तीचा गॅस, शोध कंडेन्सरपाशीच संपेल.

जास्तीचा गॅस म्हटलं, त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण "दुसऱ्यांदा भरल्यावर उलट बिघडलं" हे तुमचं निरीक्षण मला महत्त्वाचं वाटतं. गॅस दोनदा भरला तेव्हा वजन करून भरला का? बहुतेक नाही. बहुतेक गेजचा काटा बघत, किंवा पाइपाला हात लावून "आला गारवा" म्हणत भरला. गॅस दाबावर मोजता येत नाही. स्वयंपाकाचा सिलिंडर अर्धा असो की भरलेला, आतला दाब तापमानावर ठरतो, शेवटचा थेंब उडेपर्यंत तो जवळपास तेवढाच राहतो. एसीत भरतात त्या आर-१३४ए गॅसचंही तेच. बॉनेटखाली किंवा पुढच्या पट्टीवर एक स्टिकर असतो, त्यावर कुठला गॅस आणि किती ग्रॅम ते छापलेलं असतं. बऱ्याच लहान गाड्यांत ते अर्ध्या किलोच्या आसपास असतं. एवढ्याशा मापात शंभर ग्रॅम इकडचे तिकडे झाले तर उभ्या गाडीत फरक पडणारच. जास्तीचा गॅस द्रव होऊन कंडेन्सरच्या तळाशी साठून राहतो, तेवढी जागा वाया जाते आणि दाब चढतो. पंखा आधीच दुबळा असेल तर दुष्काळात तेरावा महिना.

आणि गॅस हे पेट्रोल नाही, तो वापरून संपत नाही. चौदा महिन्यांत दोनदा भरावा लागला असेल तर एकतर कुठेतरी गळतंय, किंवा तो कमी नव्हताच. दोन्ही बाबतीत आणखी गॅस भरणं हा उपाय नाही.

म्हणून गॅरेजमध्ये गेल्यावर त्यांना सांगा: आधी आतला सगळा गॅस मशीनने काढून घ्या आणि त्याचं वजन मला दाखवा. हवेत सोडू देऊ नका. आर-१३४ए वातावरणात गेला की तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. वजन स्टिकरपेक्षा बरंच कमी निघालं तर आधी लीकेज शोधायला सांगा, नायट्रोजनचा दाब देऊन किंवा अतिनील दिव्यात चमकणारा रंग घालून. पाइपांच्या जोडांवर आणि कंडेन्सरवर तेलकट काळा डाग दिसत असेल तर गळती बहुधा तिथेच. वजन जास्त निघालं, तर दुसऱ्या वेळच्या बिघाडाचं कारण तुमच्या डोळ्यांसमोर असेल. मग निदान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं, तो टिकतोय ना ते पाहणं, आणि स्टिकरइतकाच गॅस काट्यावर तोलून. गळती बुजवणारं औषध डब्यातून घालतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा, ते व्हॉल्व्हमध्ये आणि मशीनमध्ये जाऊन बसतं.

गेज लावतील तेव्हा शेजारी उभ्या राहा. निळं गेज कमी दाबाचं, लाल जास्त दाबाचं. आकडे गाडीगणिक आणि हवेगणिक बदलतात, पण त्यांचा अर्थ समजला की कुणी तुम्हाला घुमवू शकत नाही. आर-१३४ए मध्ये निळ्या गेजवर साधारण २८ पीएसआय (दाबाचं माप) म्हणजे आतला गॅस शून्य अंशाला उकळतोय, ४५ म्हणजे दहा अंशाला, ६८ म्हणजे वीस अंशाला. वीस अंशांच्या कॉइलमधून गार हवा कशी येणार? लाल गेजवर २३० च्या आसपास म्हणजे कंडेन्सरमधला गॅस साठ अंशांवर आहे, २९० म्हणजे सत्तर अंशांवर. गाडी उभी असताना लाल काटा चढत चढत ३०० कडे गेला आणि पुढच्या जाळीसमोर दुसरा मोठा पंखा लावल्यावर किंवा पाणी शिंपडल्यावर खाली आला, तर कंप्रेसर जोरात दाब देतोय. तो गेलेला नाही. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी. निळा वर आणि लाल खाली, दोघं एकमेकांकडे सरकलेले, आणि रेस दिली की लांब जातात, असं दिसलं, गॅस तोलून भरलेला असूनही दिसलं, तर मात्र कंप्रेसरचा विषय काढायला हरकत नाही.

तेव्हाही घाई नको. बेल्ट सैल असेल तर तो घसरतो. कंप्रेसरला बेल्टच्या चाकाशी जोडणाऱ्या चुंबकीय क्लचची फट साधारण अर्ध्या मिलिमीटरची असते, ती झिजून वाढली की तापल्यावर क्लच पकड सोडतो. आणि काही कंप्रेसरांत पिस्टनचा पल्ला कमी-जास्त करणारा एक छोटा कंट्रोल व्हॉल्व्ह असतो, तो अडकला तरी अख्खा कंप्रेसर मेल्यासारखा वागतो. हे तीनही आधी पाहून घेतलं जातं, मग कंप्रेसर. केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, बदला म्हणून कुणी सांगेल. जरूर बदला, पण तो तुंबला तर हवा धावतानाही कमीच येते, त्यामुळे तुमच्या तक्रारीचं मूळ तिथे नाही.

काम होईपर्यंत आईंना उन्हात नेताना एवढं करा. निघण्याआधी सगळ्या खिडक्या उघडून कोंडलेली धग जाऊ द्या, दोन मिनिटं गाडी तशीच चालवा, मग काचा वर आणि हवा आतल्या आत. आधीच गार झालेली हवा पुन्हा गार करायला एसीला कमी कष्ट पडतात. आईंना मागे न बसवता पुढे, झोतासमोर बसवा. जमलं तर दवाखान्याची वेळ सकाळची मागून घ्या. आणि आई गाडीत असताना इंजिन बंद करून "आलेच पाच मिनिटांत" म्हणून जाऊ नका. बंद गाडी उन्हात किती पटकन तापते, ते वय झालेल्या आणि रक्तदाब असलेल्या माणसाला सोसणारं नसतं.

उद्या दुपारी कागदाची परीक्षा करा. कागद चिकटला, लोंबला की उडाला, ते आणि थर्मामीटरचे दोन आकडे मला लिहून पाठवा. तोपर्यंत कंप्रेसरच्या कामाला हो म्हणू नका.